गोचीडजन्य रोगांचे परिस्थितिविज्ञान : रिचर्ड ऑस्टफेल्ड यांच्या संशोधनाचा चिकित्सक अभ्यास

सारांश

अमेरिकेच्या ईशान्य भागात आढळणारा लाईम रोग हा गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा जिवाणूजन्य रोग आहे. या रोगाचा उलगडा जंगल, ओक वृक्ष, उंदीर, हरीण आणि गोचीड यांच्या परस्परसंबंधांतून करण्याचा प्रयत्न रिचर्ड ऑस्टफेल्ड यांनी तीन दशकांहून अधिक काळ केला. त्यांच्या संशोधनातून पुढे आलेले 'विरलीकरण गृहीतक' म्हणजे जैवविविधता टिकली तर रोगाचा धोका कमी होतो, हा विचार. पर्यावरण चळवळीने तो उचलून धरला. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे पद्धतिशास्त्रीय सामर्थ्य, त्यावरील आक्षेप, स्वतः ऑस्टफेल्ड यांच्या सहभागातून निघालेले प्रतिकूल निष्कर्ष आणि सह्याद्रीतील क्यासनूर अरण्य रोगाच्या संदर्भात या विचाराची उपयुक्तता यांची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : गोचीड, लाईम रोग, परिस्थितिविज्ञान, विरलीकरण गृहीतक, जैवविविधता, क्यासनूर अरण्य रोग.

१. प्रस्तावना

रोग म्हणजे जंतू आणि मानवी शरीर यांच्यातील संघर्ष, ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली कल्पना वैद्यकशास्त्राला अत्यंत उपकारक ठरली. लसी, प्रतिजैविके आणि निदानाच्या पद्धती ही तिचीच फळे होत. परंतु वन्य प्राण्यांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांच्या बाबतीत ही द्विपक्षी चौकट अपुरी पडते. जंतू ज्या प्राण्यात वस्ती करतो तो पोशिंदा प्राणी, जंतूला एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेणारा वाहक आणि या दोघांना अन्न व आसरा देणारा परिसर यांचा विचार केल्याशिवाय असा रोग अमुक वर्षी, अमुक ठिकाणी का उफाळतो याचे उत्तर मिळत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रुक येथील केअरी इन्स्टिट्यूट ऑफ इकोसिस्टिम स्टडीज या संस्थेत कार्य केलेले रिचर्ड ऑस्टफेल्ड हे या विचारसरणीचे प्रमुख प्रतिनिधी मानले जातात. त्यांचा 'लाईम डिसीज : द इकॉलॉजी ऑफ अ कॉम्प्लेक्स सिस्टिम' हा ग्रंथ २०११ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. त्यांच्या संशोधनाचे स्वागत जसे झाले, तसाच त्यावर कठोर वादही झाला. या वादाचे स्वरूप केवळ तांत्रिक नाही. 'निसर्ग वाचवा, रोग टळतील' हे विधान शास्त्रीय निष्कर्ष म्हणून मांडता येते काय, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. या प्रश्नाच्या उत्तरावर आरोग्ययंत्रणेने पैसा आणि मनुष्यबळ कोठे लावावे हे अवलंबून असल्यामुळे त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. लाईम रोग आणि त्याचे चक्र

कनेक्टिकट राज्यातील लाईम या गावी आणि त्याच्या परिसरात १९७५ च्या सुमारास लहान मुलांमध्ये सांधेदुखीचे असाधारण प्रमाण आढळले. ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या शरीरात मळसूत्राकार जिवाणू पाहिला आणि १९८२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. या जिवाणूला बर्गडॉर्फर यांच्याच नावावरून 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' असे संबोधण्यात आले. अमेरिकेत आज दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या रोगाचे निदान गृहीत धरून उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा २०१० ते २०१८ या काळावर आधारलेला अंदाज आहे. यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

या रोगाची वाहक असलेली काळ्या पायांची गोचीड साधारणतः दोन वर्षे जगते आणि अळी, निम्फ व प्रौढ अशा तीन अवस्थांत प्रत्येकी एकदा रक्त पिते. अंड्यातून निघालेली अळी जिवाणूमुक्त असते. तिचे पहिले रक्तभोजन ज्या प्राण्यावर होते, त्यावर ती पुढे संसर्गित होईल की नाही हे ठरते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अळ्या, वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या पूर्वार्धात निम्फ आणि शरद ऋतूत प्रौढ गोचिडी विशेष सक्रिय असतात. खसखशीच्या दाण्याएवढी निम्फ सहजी दिसत नाही. म्हणूनच माणसाला होणारा बहुतेक संसर्ग तिच्याकडून होतो.

पोशिंद्या प्राण्यांची संसर्गक्षमता एकसारखी नसते, हा या चक्राचा गाभा आहे. पांढऱ्या पायांच्या उंदरावर पोसलेल्या अळ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अळ्या संसर्गित होतात, चिपमंकवर पोसलेल्यांपैकी निम्म्याहून काही अधिक, तर हरणावर पोसलेल्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी. प्रौढ गोचिडी मात्र मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणावर रक्त पितात. म्हणजेच हरीण गोचिडींची संख्या वाढवते, तर उंदीर त्यांना रोगवाहक बनवतो. या श्रमविभागणीमुळेच 'खरा दोषी कोण' हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा विषय राहिला.

३. ओकच्या फळांपासून रोगापर्यंत : दीर्घकालीन निरीक्षणाचे महत्त्व

ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध या विषयातील मैलाचा दगड समजला जातो. ओक वृक्षांना काही वर्षांच्या अंतराने अमाप फळे धरतात. ही फळे हिवाळ्यात उंदरांचे अन्न होतात आणि पुढील उन्हाळ्यात उंदरांची संख्या वाढते. फळांच्या ओढीने हरणेही ओकच्या जंगलात येतात आणि त्यांच्या अंगावरील प्रौढ गोचिडी तेथेच गळून अंडी घालतात. त्यामुळे पुढील उन्हाळ्यात अळ्या आणि उंदीर एकाच ठिकाणी विपुल असतात. या अळ्या निम्फ होऊन माणसाला चावू लागतात त्या आणखी एका वर्षाने. थोडक्यात, ओकच्या बहराचा परिणाम माणसाच्या आरोग्यावर सुमारे दोन वर्षांनी दिसू शकतो.

हे केवळ निरीक्षण नव्हते. संशोधकांनी काही भूखंडांवर ओकची फळे मुद्दाम टाकून, तर काही भूखंडांतून उंदीर काढून परिणाम तपासले. पुढे २००६ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात त्यांनी आग्नेय न्यूयॉर्कमधील १३ वर्षांची माहिती मांडली. तापमान, पर्जन्य आणि हरणांची संख्या यांपेक्षा आदल्या वर्षीचे उंदीर व चिपमंक आणि त्याच्याही आदल्या वर्षीची ओकची फळे यांवरून निम्फची घनता अधिक चांगली सांगता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांतून असा निष्कर्ष निघणे शक्य नव्हते. ज्या घटनाक्रमाचे एक आवर्तन पूर्ण व्हायलाच दोन वर्षे लागतात, तो समजण्यासाठी अनेक आवर्तने पाहावी लागतात. एकाच जंगलात, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजणी करण्याची चिकाटी हे ऑस्टफेल्ड यांच्या संशोधनाचे सर्वांत मोठे बलस्थान होय.

तथापि २००६ च्या निष्कर्षातील हरणांविषयीचा भाग तपासून घ्यावा लागतो. मेन राज्यातील मोन्हेगन बेटावरून १९९६ ते १९९९ या काळात सर्व हरणे काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर तेथील गोचिडी मोठ्या प्रमाणात घटल्या. हा पुरावा वरवर पाहता ऑस्टफेल्ड यांच्या विरोधात जातो. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. हरणे आधीच पुरेशा संख्येने असलेल्या प्रदेशात त्यांच्या संख्येतील लहान चढउतारांनी फारसा फरक पडत नाही, परंतु ती पूर्णतः नाहीशी झाली तर चक्रच तुटते. एखादा घटक वर्षागणिक होणाऱ्या बदलाचे स्पष्टीकरण देत नाही, म्हणून तो घटक अनावश्यक आहे असे अनुमान काढता येत नाही. वर्षागणिक फरकाचे कारण आणि रोगाच्या अस्तित्वाचे कारण हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. ऑस्टफेल्ड यांच्या लेखनात हा भेद असला, तरी त्याच्या लोकप्रिय सादरीकरणात तो अनेकदा पुसला गेला आहे.

४. विरलीकरण गृहीतक

ऑस्टफेल्ड आणि बार्ड कॉलेजमधील फेलिसिया कीसिंग यांनी २००० मध्ये मांडलेले विरलीकरण गृहीतक तर्कदृष्ट्या साधे आहे. जंगलात प्राण्यांच्या अनेक जाती असतील तर गोचिडीच्या अळ्या त्यांच्यात विभागल्या जातात. त्यांपैकी अनेक जाती जिवाणूचे संक्रमण करण्यास असमर्थ असल्याने संसर्गित निम्फचे प्रमाण घटते. जंगलाचे तुकडे झाले की मोठे प्राणी नाहीसे होतात, परंतु उंदीर टिकून राहतो. साहजिकच बहुसंख्य अळ्या उंदरावर पोसल्या जातात आणि धोका वाढतो. डचेस काउंटीतील वनखंडांच्या २००३ मधील अभ्यासात दोन हेक्टरांहून लहान तुकड्यांत संसर्गित निम्फची घनता लक्षणीयरीत्या अधिक आढळली. २००९ मध्ये तर ओपोसम हा प्राणी अंग चाटूनपुसून स्वच्छ करताना अंगावरील बहुतांश अळ्यांचा नाश करतो, असा प्रयोगशाळेतील निष्कर्ष पुढे आला.

या गृहीतकाला मिळालेल्या लोकप्रियतेचे कारण त्याच्या नैतिक आकर्षणात आहे. वन्यजीवांचे रक्षण आणि मानवी आरोग्य या दोन उद्दिष्टांत विरोध नसून एकवाक्यता आहे, असा दिलासा त्यातून मिळतो. मात्र दिलासा देणारे विधान अधिक काटेकोरपणे तपासले जाणे, ही शास्त्रीय चिकित्सेची पहिली अट आहे.

५. गृहीतकावरील आक्षेप

सारा रँडॉल्फ व डॉब्सन यांनी २०१२ मध्ये या विचारावर सविस्तर टीका केली. त्यांचा प्रमुख आक्षेप असा की, प्राणी वाढले तर गोचिडींना अन्नही वाढते. संसर्गित निम्फचे शेकडा प्रमाण घटले तरी निम्फची एकूण संख्या वाढल्यास माणसाला असलेला धोका कमी होईलच असे नाही. विरलीकरण आणि वर्धन हे दोन्ही परिणाम संभवतात. कोणता वरचढ ठरेल, हे त्या त्या ठिकाणच्या प्राणिसमूहावर अवलंबून असते. २०१३ मध्ये सॉल्केल्ड व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून जैवविविधता व रोग यांतील संबंध क्षीण व परिस्थितिसापेक्ष असल्याचे दाखवले. याउलट २०१५ मध्ये सिव्हिटेलो व सहकाऱ्यांच्या अधिक व्यापक विश्लेषणाने विरलीकरणाला पाठिंबा दिला. आकडेवारीच्या आधारे या वादाचा एकतर्फी निकाल लावता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अधिक उद्बोधक आहेत ते ऑस्टफेल्ड यांच्याच सहभागातून निघालेले निष्कर्ष. ब्रिसन, डायखुइझेन आणि ऑस्टफेल्ड यांनी २००८ मध्ये जिवाणूच्या जनुकीय प्रकारांवरून संसर्गित गोचिडी कोणकोणत्या प्राण्यांवर पोसल्या याचा अंदाज बांधला. त्यात उंदरांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश निघाला, तर निम्म्याहून अधिक वाटा सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या चिचुंद्र्यांचा निघाला. ज्या संशोधनाने उंदराला या कथेचा केंद्रबिंदू बनवले, त्याच संशोधकाने त्या केंद्रस्थानाला धक्का देणारे हे काम होते.

कॅलिफोर्नियात स्वेई, ऑस्टफेल्ड, लेन व ब्रिग्ज यांनी केलेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून महत्त्वाचा आहे. तेथील कुंपणसरडा जिवाणूचे संक्रमण करीत नाही, परंतु त्याच्यावर असंख्य गोचिडी पोसल्या जातात. विरलीकरणाच्या तर्कानुसार हा सरडा नाहीसा झाल्यास गोचिडी संसर्गक्षम प्राण्यांकडे वळतील आणि धोका वाढेल. प्रत्यक्षात काही भूखंडांतून सरडे काढल्यावर बहुसंख्य अळ्यांना दुसरा पोशिंदा मिळालाच नाही आणि पुढील वर्षी निम्फची घनता घटली. 'वळतील' हे गृहीतकातील क्रियापद किती निर्णायक आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले. ओपोसमच्या बाबतीतही २०२१ मधील एका अभ्यासात ३२ ओपोसमांच्या जठरांची तपासणी केली असता त्यांत गोचिडींचे अवशेष सापडले नाहीत. पिंजऱ्यातील वर्तनावरून जंगलातील वर्तनाचे अनुमान काढण्यातील धोका येथे दिसून येतो.

या सर्वांचा अर्थ गृहीतक खोटे ठरले असा करणे घाईचे होईल. 'जैवविविधता' हा शब्द जातींची संख्या दर्शवतो. रोगचक्राला मात्र कोणत्या जाती आहेत, किती संख्येने आहेत आणि एकीच्या अनुपस्थितीत गोचीड कोठे जाते हे महत्त्वाचे असते. ईशान्य अमेरिकेच्या खंडित ओकवनांत जातींची संख्या घटणे आणि संसर्गक्षम लहान प्राण्यांचे वर्चस्व वाढणे या गोष्टी बहुधा एकत्र घडतात. त्यामुळे तेथे हे गृहीतक समर्थनीय ठरते. जेथे त्या एकत्र घडत नाहीत, तेथे त्याचा आधार निसटतो. अर्थात हे मुख्यतः प्राणिसमूहाच्या रचनेविषयीचे विधान आहे. जातींच्या संख्येविषयीचा सार्वत्रिक नियम म्हणून त्याचा उल्लेख करणे योग्य नव्हे.

६. धोका आणि प्रत्यक्ष रोग यांतील अंतर

ऑस्टफेल्ड यांच्या बहुतांश लेखनात धोक्याचे माप म्हणजे संसर्गित निम्फची घनता. ब्राऊनस्टीन व सहकाऱ्यांच्या २००५ मधील कनेक्टिकटच्या अभ्यासात मात्र वनखंडीकरणाबरोबर संसर्गित गोचिडी वाढल्या, तरी मानवी रुग्णांचे प्रमाण वाढले नाही. उलट ते कमी आढळले. गोचीड असणे आणि ती माणसाला चावणे यांच्यामध्ये माणसाचे वर्तन उभे असते.

या अंतराची सर्वांत कठोर परीक्षा कीसिंग व ऑस्टफेल्ड यांनी स्वतःच घेतली. डचेस काउंटीतील २४ वस्त्यांत २०१७ ते २०२० या काळात त्यांनी दोन उपाय योजले. उंदरांच्या अंगाला गोचीडनाशक लावणाऱ्या पेट्या हा एक आणि गोचिडींना मारणाऱ्या बुरशीची फवारणी हा दुसरा. काही वस्त्यांना खरे उपाय, तर काहींना केवळ त्यांचे निरुपद्रवी प्रतिरूप मिळाले. कोणाला काय मिळाले हे रहिवाशांना ठाऊक नव्हते आणि माहिती गोळा करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपाय केलेल्या वस्त्यांत गोचिडींची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली आणि पाळीव प्राण्यांतील रोगाचे प्रमाणही कमी झाले. परंतु माणसांना अंगावर गोचिडी आढळण्याचे वा रोग होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही.

आयुष्यभराच्या संशोधनातून सुचलेला उपाय अपेक्षेप्रमाणे फलद्रूप होत नाही, हे काटेकोर पद्धतीने सिद्ध करून प्रसिद्ध करणे ही बौद्धिक प्रामाणिकपणाची खूण आहे. त्याचबरोबर या निष्कर्षाने त्यांच्या मूळ चौकटीतील उणीवही उघड केली. माणूस आपल्या अंगणापुरताच गोचिडीला भेटत नाही. तो कोठे काम करतो, कोठे फिरतो, किती सावध असतो यांचा समावेश त्या चौकटीत पुरेसा झालेला नाही. 'जटिल व्यवस्था' असे ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद असले, तरी त्या जटिलतेत माणूस हा प्रामुख्याने चावा घेतला जाणारा प्राणी म्हणून येतो. निर्णय घेणारा, श्रम करणारा समाजघटक म्हणून तो क्वचितच येतो.

७. सह्याद्रीच्या संदर्भात

हीच उणीव सह्याद्रीतील क्यासनूर अरण्य रोगाच्या संदर्भात अधिक ठळक होते. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली व माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पुण्यातील व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या रोगाचा, म्हणजे 'माकडतापा'चा, उद्रेक झाला. पुणे केंद्रात कार्य केलेल्या जॉर्ज बोशेल यांनी १९६९ मध्येच जंगलतोड, शेतीचा विस्तार व जंगलात चरणारी गुरे यांच्याशी या रोगाचा संबंध जोडला होता. परिस्थितिविज्ञानाची ही दृष्टी, लाईम रोगाचा जिवाणू सापडण्याच्याही आधी, या भूमीतील संशोधनात अस्तित्वात होती, याची नोंद घेणे अगत्याचे आहे.

दोन्ही रोगांत साम्य आहे. येथील गुरांचे कार्य तेथील हरणांसारखे आहे : ती विषाणू टिकवून धरण्यात भाग घेत नाहीत, परंतु प्रौढ गोचिडींचे पोषण करतात. येथेही माणसाला मुख्यतः निम्फच चावते. परंतु भेद अधिक बोलका आहे. अमेरिकेतील उपनगरवासी माणसाला गोचीड भेटते ती बहुधा अंगणात वा फिरायला गेल्यावर. सत्तरी-दोडामार्ग भागात ती भेटते काजूच्या बागेत, सरपणासाठी वा पालापाचोळ्यासाठी रानात गेल्यावर. काजूचा हंगाम आणि निम्फचा काळ हे दोन्ही हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत एकमेकांवर येतात. अमेरिकेतील नागरिकाला जंगलात न जाण्याचा सल्ला देता येतो. ज्याचे वर्षाचे उत्पन्नच त्या चार महिन्यांवर आहे, त्याला तो देणे व्यर्थ होय.

पर्स व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम घाटातील या रोगाचा धोका सदाहरित वने व लागवडी यांच्या सरमिसळीच्या प्रदेशात आणि देशी गुरांची घनता जास्त असलेल्या भागात अधिक असल्याचे दिसले. जंगल आणि वस्ती यांच्या सीमेवर धोका एकवटतो, हे ऑस्टफेल्ड यांच्या वनखंडीकरणविषयक विचाराशी जुळते. परंतु 'येथे जैवविविधता घटली म्हणून रोग आला' असे सरळ विधान करण्यास हा पुरावा पुरेसा नाही. घाटमाथ्याचा हा प्रदेश जैवविविधतेने संपन्न आहे आणि तरीही रोग तेथे टिकून आहे. अमेरिकेतील ओकवनाचे सूत्र येथे जसेच्या तसे लावल्यास जंगलाच्या कडेला राहणाऱ्या श्रमिकावरच पर्यावरणाच्या ऱ्हासाचा ठपका येण्याची भीती आहे.

८. निष्कर्ष

१. ऑस्टफेल्ड यांच्या संशोधनाचे स्थायी मोल त्यांच्या दीर्घकालीन निरीक्षणपद्धतीत आहे. ओकची फळे, उंदीर आणि निम्फ यांची कालसाखळी हा तिचा सर्वांत भक्कम निष्कर्ष होय.

२. विरलीकरण गृहीतक विशिष्ट प्राणिसमूहांत समर्थनीय असून सार्वत्रिक नियम म्हणून सिद्ध झालेले नाही. त्याच्या मर्यादा दाखवणारे काही महत्त्वाचे पुरावे स्वतः ऑस्टफेल्ड यांच्या सहभागातूनच पुढे आले, हे त्यांच्या संशोधनवृत्तीचे भूषण आहे.

३. गोचिडींची घनता म्हणजे मानवी धोका असे समीकरण मांडता येत नाही. २०२२ च्या निष्कर्षांनंतर माणसाचे श्रम व वर्तन यांना या शास्त्रात मध्यवर्ती स्थान देणे अपरिहार्य झाले आहे.

४. जंगलांचे रक्षण हे स्वतंत्रपणे समर्थनीय मूल्य आहे. त्याच्या समर्थनासाठी रोगप्रतिबंधाचे अनिश्चित आश्वासन देणे दोन्ही उद्दिष्टांना मारक ठरू शकते. कारण असे आश्वासन एका ठिकाणी फोल ठरले की मूळ मूल्यावरील विश्वासही डळमळतो.

५. सह्याद्रीतील माकडतापासाठी मिलब्रुकची सूत्रे उसनी घेण्याऐवजी मिलब्रुकची चिकाटी अंगीकारणे अधिक हिताचे आहे. एकाच रानात अनेक वर्षे गोचिडी, लहान सस्तन प्राणी, माकडे, गुरे आणि काजूबागेत राबणारी माणसे यांची एकत्रित नोंद ठेवणारे अभ्यास उभे राहिल्यास दोडामार्ग-सत्तरीसारख्या भागांत हंगाम सुरू होण्यापूर्वी सावधगिरीची सूचना देणे शक्य होईल. या कामात परिसरातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र हे विभाग एकत्रितपणे सहभागी होऊ शकतात.